शिक्षकाच्या नोकरीत समाधान कसं मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नोकरीत समाधान असणं म्हणजे रोज आनंदात असणं का?

नाही. आनंद त्या त्या तासापुरता असतो. समाधान मागे वळून बघताना कळतं: हे काम करण्याजोगं होतं आणि ते माझ्या हातून बरं झालं. दिवसातून दहा वेळा वैतागणारा शिक्षक पूर्ण समाधानी असू शकतो. उलट शांत वर्ग, वेळेवर पगार, कुणाची कटकट नाही, तरीही आतून पोकळ वाटतंय, असंही घडतं. म्हणून 'आज मूड कसा होता' यावरून स्वतःच्या नोकरीबद्दल निष्कर्ष काढू नका. सत्र संपताना काय वाटतं, ते जास्त खरं असतं.

२. पगार वाढला, सोयी सुधारल्या, तर समाधान आपोआप येईल ना?

नाराजी कमी होईल. समाधान येईलच असं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा १९५९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांना विचारलं, की कामात फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं तोही सांगा. बरं वाटल्याच्या प्रसंगांत हातून झालेलं काम, त्याची घेतलेली दखल, कामाचं स्वरूप, जबाबदारी या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. वाईट वाटल्याच्या प्रसंगांत वरिष्ठांचं वागणं, संस्थेचे नियम, कामाची परिस्थिती. पगार त्यांनी या दुसऱ्या गटात धरला. म्हणजे समाधान आणि नाराजी ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भर पडली म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही.

या अभ्यासावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचा दोष परिस्थितीला देतो, त्यामुळे उत्तरं तशी येणारच. तरीही शिक्षकांशी बोलताना मला ही विभागणी पदोपदी कामाची वाटते. कारण तिचा व्यत्यासही खरा आहे: मुलांच्या प्रेमामुळे तुटपुंजा पगार पुरेसा होत नाही. पगारासाठी भांडणारा शिक्षक आणि वर्गात रमणारा शिक्षक एकच माणूस असू शकतो, असायला हरकतही नाही.

३. मग शिक्षकाला समाधान नेमकं कशातून मिळतं?

बहुतेकांना एकाच गोष्टीतून: माझ्यामुळे हे मूल काहीतरी शिकलं, हे कळण्यातून. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकांच्या कामाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच पुढे आलं. पगार आणि पद यांपेक्षा वर्गात मिळणारं मानसिक बक्षीस शिक्षकांना मोठं वाटत होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. हे बक्षीस कायम अनिश्चित असतं. मूल शिकलं का, किती शिकलं, आपल्यामुळे शिकलं की शिकवणीमुळे, की ते मोठं झालं म्हणून, हे शिक्षकाला ठामपणे सांगता येत नाही. सुताराला टेबल दिसतं. शिक्षकाचं काम दुसऱ्याच्या डोक्यात होतं.

इतरही गोष्टी आहेत. स्वतःचा विषय, सहकाऱ्यांची सोबत, वर्गाचं दार लावल्यावर मिळणारं स्वातंत्र्य. पण हे वरचं नसेल तर बाकीच्यांवर फार काळ निभत नाही.

४. मुलं शिकली की नाही हेच मला कळत नाही. मग समाधान आणायचं कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते शिक्षकांच्या असमाधानाचं सर्वांत मोठं कारण इथेच आहे. शिकणं घडत असतं, पण ते आपल्या नजरेतून सुटतं.

एक उदाहरण घ्या. 'एक अष्टमांश मोठा की एक षष्ठांश?' असं विचारलं की वर्गातले बरेच जण 'अष्टमांश' म्हणतात, कारण सहापेक्षा आठ मोठे. एक मुलगी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेते. एकीचे घड्या घालून सहा भाग करते, दुसरीचे आठ. दोन्हींतला एकेक तुकडा कापून एकावर एक ठेवते. आठातला तुकडा आखूड निघतो. तिला पटत नाही, म्हणून तो उलटा करून पुन्हा ठेवते. मग काही न बोलता वहीतलं उत्तर खोडते आणि शेजारणीच्या वहीत डोकावून तिलाही म्हणते, 'तुझं चुकलंय.' हे सगळं मिनिटाभरात होतं, आणि त्या मिनिटाला शिक्षक बहुधा मागच्या बाकावरचं भांडण मिटवत असतो. संध्याकाळी त्याला भांडण आठवतं.

म्हणून शिकणं डोळ्यांना दिसेल अशी सोय मुद्दाम करावी लागते. मला खात्रीने उपयोगी वाटणारे मार्ग असे. तास संपायच्या आधी तीन मिनिटं थांबा आणि मुलांना चिठ्ठीवर एकच प्रश्न सोडवायला द्या. नावं घातली नाहीत तरी चालेल. गठ्ठा चाळायला पाच मिनिटं लागतात, आणि आजचा तास लागू पडला की नाही ते तिथेच समजतं. दुसरं, सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून एक परिच्छेद किंवा चार गणितं करून घ्या आणि ते कागद जपून ठेवा. तीन महिन्यांनी तेच पुन्हा द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, या कागदांवर ती दिसते.

तिसरं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत आधी सुटणारं: दिवसाची एक ओळ. कोणाला, काय, कशामुळे समजलं. यातलं 'कशामुळे' सोडू नका. 'आज वर्ग छान झाला' ही नोंद महिन्याभराने काहीच सांगत नाही. 'पट्ट्या कापायला दिल्यावर समजलं, फळ्यावर आकृती काढून समजलं नव्हतं' ही नोंद तुमच्या हातातलं कसब तुम्हाला दाखवते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडलं, की 'मला हे जमतं' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतःला आलेल्या यशाच्या अनुभवातून येतो. कौतुकाच्या शब्दांनी तो तितका येत नाही. यश आपल्या कोणत्या कृतीमुळे आलं हे समजलं, तर तो अनुभव आपला होतो. नाहीतर तो योगायोग वाटतो.

५. माझं पहिलंच वर्ष आहे. रोज घरी येऊन रडू येतं. मी चुकीच्या व्यवसायात आलो का?

एवढ्यात ठरवू नका. शिक्षण-संशोधक फ्रान्सेस फुलर यांनी १९६९ साली नव्या शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला. आधी काळजी स्वतःची: वर्ग ऐकेल का, मुलांना मी आवडेन का, कुणी तपासायला आलं तर काय. कामाची आणि मुलांच्या शिकण्याची काळजी नंतर येते. हा क्रम प्रत्येकाचा अगदी असाच नसतो, पण पहिल्या वर्षी सगळं लक्ष स्वतःवर खिळलेलं असतं हे खरं आहे. आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेलं समाधान मुलांकडे बघितल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे तुम्ही अपात्र नाही, तुमची नजर अजून मोकळी झालेली नाही.

या वर्षात दोन गोष्टी करा. एखाद्या अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसून तास बघा, आणि तो काय शिकवतो यापेक्षा पहिल्या पाच मिनिटांत काय काय करतो ते टिपा: दारात उभा राहतो का, सूचना किती शब्दांत देतो, गोंगाट झाला की आवाज चढवतो की थांबतो. दुसरं, सगळेच तास उत्तम करायच्या मागे लागू नका. आठवड्यातला एक तास निवडा आणि त्याची तयारी जीव ओतून करा. बाकीचे पाठ्यपुस्तकाच्या आधाराने नीट पार पडले तरी पुरे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर तो नवखेपणाचा भाग म्हणून अंगावर काढू नका. प्रश्न ७ बघा.

६. पंधरा वर्षं झाली. तेच धडे, तेच विनोद, तीच उत्तरं. काहीच नवं वाटत नाही.

हा टप्पा ओळखीचा आहे. शिक्षण-संशोधक मायकेल ह्यूबरमन यांनी स्वित्झर्लंडमधल्या माध्यमिक शिक्षकांचा अभ्यास करून १९८९ साली नोकरीतले टप्पे मांडले. साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षी हात बसतो. सातव्या ते अठराव्या वर्षांच्या पट्ट्यात काही जण प्रयोग करत सुटतात, तर काहींना 'आयुष्यभर हेच करायचं का?' हा प्रश्न गाठतो. त्यांच्या अभ्यासात अखेरच्या वर्षांत सर्वांत समाधानी कोण निघाले, तर स्वतःच्या वर्गात सतत छोटे बदल करत राहिलेले शिक्षक. शाळाभर राबवायच्या मोठ्या सुधारणांत ज्यांनी स्वतःला झोकून दिलं, त्यांच्या वाट्याला निराशा जास्त आली.

मला हे निष्कर्ष फार मोलाचे वाटतात, कारण कंटाळलेल्या शिक्षकाला आपण नेमकं उलटं सुचवतो. त्याला समित्या देतो, प्रकल्प देतो, स्नेहसंमेलन देतो. त्यापेक्षा इयत्ता बदलून मागा. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्याने एक वर्ष अगदी लहानांना शिकवून बघावं, विषयाचा पाया किती अवघड आहे ते तिथे कळतं. किंवा नव्या शिक्षकाला हाताखाली घ्या. आपण सवयीने करतो ती गोष्ट त्याला समजावताना तिच्यामागचं कारण शोधावं लागतं, आणि तिथे शिळा धडा पुन्हा ताजा होतो.

७. हा नुसता कंटाळा आहे की बर्नआउट? फरक कसा ओळखायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश कामाशी संबंधित स्थिती म्हणून केला, आजार म्हणून नाही. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. यामागचं कारणही त्या व्याख्येत आहे: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, जो आटोक्यात आणला गेला नाही.

शिक्षकाच्या बाबतीत मी दुसऱ्या खुणेकडे सर्वांत आधी बघतो. कंटाळलेला शिक्षक धड्याला कंटाळतो. बर्नआउट झालेल्याला मुलंच नकोशी होतात, त्यांची नावं घ्यायची इच्छा राहत नाही, 'ही पोरं' असा एकगठ्ठा उल्लेख सुरू होतो. कंटाळ्यावर नवं काम हा उपाय असू शकतो, बर्नआउटवर नवं काम देणं म्हणजे भार वाढवणं. इथे काम कमी व्हायला हवं, आणि ते एकट्या शिक्षकाच्या इच्छाशक्तीने होत नाही. सुट्टीतही उदासी, निद्रानाश, जगणं नकोसं वाटणं चालूच राहिलं तर डॉक्टरांकडे जा, लगेच जा. तो प्रश्न मग नोकरीतल्या समाधानाचा राहत नाही.

८. तपासणी आणि कागदपत्रं यांतच जीव जातो. शिकवायला उत्साह उरत नाही. काय करू?

कागदपत्रांचं बरंचसं तुमच्या हातात नाही. ते एकत्र येऊन मागावं लागतं. तपासणीचा मात्र मोठा भाग हातात आहे.

मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. म्हणजे गुण देऊन खाली लाल शाईत लिहिलेल्या ज्या ओळींसाठी तुम्ही रात्री जागता, त्यांचा उपयोग फार थोडा आहे. गुण द्यायचे असतील तिथे गुण द्या आणि थांबा. शेरा द्यायचा असेल तर गुण बाजूला ठेवा, एकच सुधारणा सुचवा आणि ती करायला वर्गातच दहा मिनिटं द्या. चाळीस वह्यांतली प्रत्येक चूक अधोरेखित करण्यापेक्षा सगळ्यांची एक समान चूक शोधा आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या.

९. मुलं आवडतात, पण शाळेतलं वातावरण असह्य आहे. शाळा बदलावी का?

व्यवसाय सोडायच्या आधी शाळा बदलून बघणं केव्हाही बरं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शिक्षकांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. समाधान आणि शाळेत टिकून राहणं यांच्याशी सर्वांत जास्त संबंध तिथे तीन गोष्टींचा दिसला: सहकाऱ्यांशी असलेले संबंध, मुख्याध्यापकांचं नेतृत्व आणि शाळेची संस्कृती. इमारत आणि साधनं त्यामानाने मागे राहिली.

नवी शाळा बघायला गेलात तर प्रयोगशाळेपेक्षा शिक्षकखोली बघा. मधल्या सुट्टीत लोक एकमेकांशी कशाबद्दल बोलतात? एखाद्या मुलाबद्दल बोलतात की फक्त एकमेकांबद्दल? मुख्याध्यापकांना विचारा, 'वर्गात शिस्तीचा मोठा प्रसंग झाला तर शिक्षकाने कोणाकडे यायचं?' उत्तर सरळ आलं तर शिक्षकामागे कुणीतरी उभं आहे. आणि मागच्या दोन-तीन वर्षांत किती जण सोडून गेले ते तिथल्या कर्मचाऱ्यांकडून काढून घ्या.

१०. मला शिक्षक व्हायचंच नव्हतं, परिस्थितीने झालो. मला कधी समाधान मिळेल का?

हो. अनेकांना मिळालं आहे. पहिली पसंती नसताना शिक्षक झालेले तुम्ही एकटे नाही, आणि 'जन्मजात शिक्षक' या कल्पनेने तुमच्यासारख्यांचं विनाकारण नुकसान केलं आहे. आवड आधी आणि कसब नंतर, असाच क्रम असतो असं नाही. एखादी गोष्ट चांगली जमू लागली की ती आवडू लागते. कसब वाढवायचा सर्वांत थेट रस्ता प्रश्न ४ मध्ये आहे.

११. समाजात शिक्षकाला मान उरलेला नाही. अशात समाधान कसलं?

ही भावना जगभर आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक सर्वेक्षणात सदस्य देशांतल्या सरासरी २६ टक्के शिक्षकांनाच वाटत होतं, की समाज त्यांच्या कामाची किंमत करतो. पण त्याच सर्वेक्षणात ९० टक्के शिक्षक आपल्या नोकरीत एकंदर समाधानी असल्याचं म्हणाले. समाजाचा मान आणि कामातलं समाधान यांची फारकत होऊ शकते, हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतं.

म्हणून मान नको असं मी म्हणणार नाही. तो मिळायला हवा. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांच्या दर्जाबद्दलची शिफारस १९६६ सालीच स्वीकारली आहे, आणि त्यात वेतन, कामाची परिस्थिती, व्यावसायिक स्वातंत्र्य सगळं आहे. पण पालकसभेतल्या एका कडू वाक्यावरून वर्षभराच्या कामाचं मोल ठरवू नका.

१२. 'शिक्षण हे व्रत आहे' असं सांगून शाळा जादा कामं लादते. नाही म्हटलं तर अपराधी वाटतं.

हा अपराधीपणा टाकून द्या. कामाला व्रत मानणाऱ्यांचं काय होतं, याचा एक सुंदर अभ्यास २००९ साली प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवर झाला. ज्यांना काम म्हणजे आतून आलेली हाक वाटत होती, त्यांना ते अधिक अर्थपूर्ण वाटत होतं. पण तेच लोक पगार, वेळ, सोय यांवर पाणी सोडायला जास्त तयार होते, आणि वरिष्ठ आपल्याला वापरून घेतील हा धोकाही त्यांनाच जास्त होता. शिक्षकाची अवस्था याहून वेगळी नाही.

एक कसोटी वापरा: या कामाने एखाद्या मुलाच्या शिकण्यात फरक पडतो का? पडत असेल आणि तुमच्यात ताकद असेल, तर करा. पडत नसेल तर ते व्रत नव्हे, ते फुकट काम आहे. 'नाही' म्हणताना लांबलचक कारणं देऊ नका. 'हे घेतलं तर उत्तरपत्रिका वेळेत होणार नाहीत, यातलं कोणतं आधी हवं?' एवढं विचारा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.

१३. मी समाधानी आहे, मुलांनाही मी आवडतो, पण त्यांना फारसं येत नाही. हे चुकतंय का?

हो, चुकतंय. हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, म्हणून उत्तरही सरळ देतो. मुलांचं प्रेम हे शिकण्याचा पुरावा नाही. रंगलेला तास आणि शिकवून गेलेला तास दिसायला सारखेच असतात. तासाच्या शेवटची चिठ्ठी (प्रश्न ४) तुमच्यासाठी तर अत्यावश्यक आहे, कारण तुमच्याकडे दुसरी धोक्याची घंटा नाही. एक सवलत मात्र घ्या: तुमच्याकडे आलेली मुलं मुळातच फार मागे असतील तर त्यांची तुलना पाठ्यपुस्तकाशी करू नका, त्यांच्याच पहिल्या कागदाशी करा.

१४. बढती मिळतेय, पण वर्ग सुटेल. घ्यावी का?

तुमच्या दिवसाची एक ओळ (पुन्हा प्रश्न ४) महिनाभर लिहून बघा. सगळ्या नोंदी मुलांबद्दलच असतील तर निदान काही तास हातात ठेवण्याची अट घाला. नोंदींत सहकाऱ्यांना केलेली मदत वारंवार येत असेल तर घ्या, तुम्हाला तिथेही आवडेल.

१५. नोकरी सोडायचा विचार पक्का होतोय. कसं ठरवू?

परीक्षांच्या दिवसांत आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ठरवू नका. थकलेलं मन सगळ्यालाच नको म्हणतं. आठ-दहा दिवस विश्रांती झाल्यावर कागदावर लिहा: काय बदललं तर मी थांबेन? उत्तर 'हे मुख्याध्यापक' असेल तर प्रश्न शाळेचा आहे. 'ही इयत्ता' असेल तर नेमणुकीचा. 'पगार' असेल तर तो खराखुरा आर्थिक प्रश्न आहे, त्याला भावनिक उत्तर शोधू नका. 'काहीही बदललं तरी नाही, मुलांसमोर उभंच राहायचं नाही' असं उत्तर विश्रांतीनंतरही येत राहिलं, तर सोडा आणि अपराधी न वाटता सोडा. तब्येत खालावली असेल तर या सगळ्या क्रमाची वाट बघू नका.

१६. सोडून गेल्यावर परत येता येतं का?

येतं, आणि परत आलेले शिक्षक बरेचदा अधिक ठाम असतात, कारण या वेळी त्यांनी निवड केलेली असते. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला असतो आणि हात बसायला एखादं सत्र जातं, तेवढी मुभा स्वतःला द्या. शक्य असेल तर आधी काही आठवडे बदली शिक्षक म्हणून काम करून बघा, आणि शाळा पक्की करण्यापूर्वी प्रश्न ९ मधली चौकशी करा.